भोपळा बास म्हणतो

मऊ भाताची वाटी भिंतीवरून उडत आली ती थेट माझ्या शिलाई मशीनवर. मशीनखाली मास्तरांची नवी पॅन्ट होती. एक पाय शिवून झाला होता, दुसरा व्हायचा होता, भात मात्र दोन्हींवर सारखा पडला. चार शिव्या माझ्या ओठांवर आल्यासुद्धा, पण तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"बास म्हणतोय ना तो! कान फुटलेत का? बास म्हणतोय!"

मी तोंड मिटलं. शेजारचं भांडण ऐकायचं तर आपण गप्प बसायला लागतं, आणि पॅन्ट काय, धुता येते. स्टूल उचललं, भिंतीला लावलं आणि चढले वर.

पलीकडचं घर आधी सांगते, म्हणजे तुमचा गोंधळ व्हायचा नाही. अंगणात एका अंगाला वासरांची शेड, दुसऱ्या अंगाला दोन खोल्या. घरातला बाप्या ट्रक चालवतो. अधूनमधून उगवतो, झोपतो, जेवतो, परत जातो. त्याची बायको गावाबाहेरच्या रोपवाटिकेत कामाला. जाळीखाली ट्रेमध्ये कोबीची, फ्लॉवरची, टोमॅटोची रोपं वाढवायची आणि लावणीला आली की शेतकऱ्यांना द्यायची. तिला सगळे रोपवालीच म्हणतात. तिसरी ट्रकवाल्याची आत्या. नवरा गेल्यावर ही भाच्याकडे राहायला आली, ती येताना दोन वासरं आणि अख्ख्या गल्लीला पुरून उरेल एवढं तोंड घेऊन आली. मरायला टेकलेलं वासरू कवडीमोलानं आणायचं, खाऊ घालून घालून त्याला उभं करायचं आणि विकायचं, हा तिचा धंदा. वासरू कितीही अडेल असू दे, आत्यानं मांडीत धरलं की मुकाट खातं.

आणि या सगळ्यांच्या मध्ये भोपळा. म्हणजे पोरगा. जन्मला तेव्हा इतका गुबगुबीत की नर्सबाईच म्हणाली, हे मूल आहे की भोपळा? झालं, तेच नाव पडलं. आता पळतो, वासरांच्या शेपट्या ओढतो, चार शब्द बोलतो. आई कामावर गेली की तो आत्याकडे. सांभाळायला दुसरं कोणीच नाही. म्हणजे आत्या आहे तोवर रोपवालीची नोकरी आहे, आणि हे आत्याला रोपवालीपेक्षा जास्त पक्कं माहीत.

त्या दिवशी रोपवाटिकेतली मोटर जळाली म्हणून बायकांना लवकर सोडलं होतं. रोपवाली दारात आली तर काय बघते? आत्या पायरीवर बसलेली, भोपळा तिच्या मांडीत, त्याचे पाय तिच्या दोन गुडघ्यांत गच्च. पोरगं घसा ताणून ओरडतंय, "बास! बास!" आणि तोंड उघडलं रे उघडलं की आत्या चमचा आत घालतेय. रोपवालीनं वाटी हिसकली आणि भिरकावली. पुढचं मास्तरांच्या पॅन्टला माहीत आहे.

"म्हणतोय बास," आत्या रिकामा चमचा हातात धरून म्हणाली. "म्हणू दे की. बास म्हणायला काय लागतं? तुझा सासरा रोज संध्याकाळी म्हणायचा, बास, आता हा शेवटचा ग्लास. कोणी ऐकलं का त्याचं? त्यानं स्वतःनं तरी ऐकलं का?"

"सासऱ्यांना कशाला मध्ये आणताय? हे लेकरू आहे. पोट भरलेलं त्याला कळतं."

"त्याला शी झालेली कळत नाही आणि पोट भरलेलं कळतं?"

मला हसू आवरेना. स्टूल डुगडुगलं.

"आणि पाय कशाला आवळलेत त्याचे?"

"लाथा मारतो म्हणून. खाताना खुशीत लाथा झाडतो. तुझ्या नवऱ्यावर गेलाय."

"खुशीत? ओरडतोय तो!"

"खुशीतच ओरडतोय!"

रोपवालीनं पोराला उचलून कडेवर घेतलं. तिच्या नखांत माती, केसांत जाळीचा चुरा, डोळ्यांत पाणी. "आत्याबाई, मी सांगते ते ऐका जरा. आमच्याकडे रोपं मरतात ना, ती पाणी कमी पडून नाही मरत. जास्त पाण्यानं मरतात. मुळं सडतात. नवीन आलेली बाई आधी हेच करते, दिसलं रोप की ओत पाणी."

"आणि माझ्याकडे वासरं मरतात ती उपासानं. सडलेलं वासरू मी अजून बघितलं नाही."

"तो वासरू नाही!"

"आणि कोबी पण नाही!"

यावर खरं म्हणजे दोघींनी थांबायला हरकत नव्हती. पण थांबतील त्या बायका कसल्या. दिवस मावळेपर्यंत चाललं. वासरंसुद्धा कान टवकारून उभी होती.

आता आत्याची खाऊ घालायची तऱ्हा तुम्हाला सांगायलाच पाहिजे. प्रत्येक घास ती कोणाच्या तरी नावानं भरवायची, आणि नावं सगळी वैऱ्यांची. "हा घास दूध मापणाऱ्याचा. मेला पाणी घालतो आणि मलाच विचारतो पातळ का. चाव त्याला! हा घास पेंडवाल्याचा. पोत्यात खडे भरतो. गिळ! हा घास टेलरबाईचा, माझ्या पोलक्याचं कापड चोरलंय तिनं." मी भिंतीपलीकडून ओरडायची, "कापडच कमी होतं हो!" तर म्हणायची, "बघ, बोलली. अजून एक घास तिचाच घे." तिची भांडणं इतकी की वाटी संपायची, वैरी संपायचे नाहीत. आणि भोपळा हात नाचवत, लाथा झाडत ओरडायचा, "बास! बास!"

कष्टाचं खाऊ घालायची हो ती. वाटीत डाळ, बटाटा, अंडं, वरून तूप. स्वतः मात्र उभ्या उभ्या दोन घास गिळून शेडमध्ये जायची. मी भांडते तिच्याशी, पण खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी मग रोपवालीचा कायदा. तिनं मोबाईलवर कुठल्याशा डॉक्टरीणबाईचं ऐकलं होतं, की बाळाला जबरदस्ती करू नका, बास म्हणालं की थांबा, भुकेचा मान ठेवा. त्यात चुकीचं काही नव्हतं. आमच्या लहानपणी भुकेचा मान कोणी ठेवला असता तर बरं झालं असतं. भिंत एवढी पातळ की मला सगळं ऐकू यायचं. ती गोड आवाजात म्हणायची, "ये माझ्या राजा, जेवूया." मग एक घास. मग भोपळ्याचा आवाज, "बास!" आणि लगेच ताट बाजूला ठेवल्याचा आवाज. "बास? बरं हं, शहाणं बाळ." मग रडारड. मग तिचं पोटाला तेल चोळणं, "दुपारी ठासून भरलंय त्यांनी, दुखतंय लेकराला." थोड्या वेळानं परत ताट, परत एक घास, परत बास, परत रडारड. शेवटी दुधाची बाटली तोंडात दिली की शांत.

आणि आत्या दुसऱ्या दिवशी म्हणायची, "रात्री ही उपाशी निजवते, म्हणून मला दिवसा दुप्पट भरायला लागतं."

दोघींचं म्हणणं मला पटायचं. जी समोर असेल तिचं जास्त पटायचं.

थंडी वाढली. सकाळी धुकं असं उतरायचं की आत्याची शेड दिसायची नाही, नुसतं वासरांचं खोकणं ऐकू यायचं. रानातली काळी माती ओली व्हायची, चपलेला चिकटून बूट करायची. लावणीचे दिवस आले. शेतकरी पहाटेच ट्रॅक्टर घेऊन रोपवाटिकेच्या फाटकावर. या दिवसांत सुट्टी मागायची नाही, मागितली तर मालक म्हणतो, बरं, राहा घरी, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या जागी दुसरी बाई उभी असते. रोपवाली अंधारात निघायची आणि येताना तिच्या कमरेचा काटा ढिला झालेला असायचा.

त्यातच नर्सबाई आली. शाळेच्या खोलीत तिनं वजनाचा काटा टांगला आणि गावातली पोरं एकेक करून झोळीत घातली. रोपवाली जेवणाच्या सुट्टीत पळत आली, आत्या पोराला घेऊन आलीच होती, आणि मी आपली सहज. भोपळ्याला झोळीत टाकलं. काटा हलला आणि जिथं थांबला तिथं नर्सबाईच्या कपाळाला आठी पडली.

"अगं, हा भोपळा होता ना? याची तर गवारीची शेंग झाली. पळणाऱ्या पोराला दोन्ही वेळचं पोटभर लागतं, आणि याचं मागच्या खेपेपेक्षा उतरलंय वजन. खायला घालताय ना काही?"

"मी घालते!" दोघी एकदमच म्हणाल्या. आणि एकदमच एकमेकींकडे बोट दाखवलं, "ही घालू देत नाही," "या कोंबतात म्हणून धसका घेतलाय त्यानं."

नर्सबाईनं चष्मा काढला. "पुढच्या खेपेला असंच असलं तर मी मोठ्या दवाखान्यात पाठवणार. भांडण तिथं जाऊन करा." रोपवालीचा चेहरा राखेसारखा झाला. घराच्या दारात मात्र थांबली.

"आत्याबाई, आता शेवटचं सांगते. उद्यापासून तो बास म्हणाला की थांबायचं. एक चमचा जास्त नाही. त्याला जेवणाचीच भीती बसलीय, ती आधी घालवायला पाहिजे. जमणार नसेल तर सांगा. मी नोकरी सोडते."

आत्याचा जीव त्या नोकरीत नव्हता, भोपळ्यात होता. रोपवाली घरी बसली तर पोरगं हातातून गेलं, हे तिला कळलं. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "ठीक आहे. तुझा कायदा. मी काय, सांभाळणारी बाई."

दुसऱ्या दिवशी रोपवाली गेली आणि भिंतीवरून हाक आली. "टेलरबाई, साक्षीला ये!"

मी स्टूलावर. आत्यानं पोराला मांडीवर न घेता समोर बसवलं, पाहुण्यासारखं. वाटी ठेवली. एक चमचा भरवला. वैऱ्याचं नाव नाही, काही नाही. भोपळ्यानं गिळला, हात नाचवले आणि म्हणाला, "बास!"

"ऐकलंस? बास म्हणाला. कायदा म्हणजे कायदा." आणि तिनं वाटीवर ताटली झाकली.

भोपळा ताटलीकडे बघत राहिला. मग आत्याकडे. मग माझ्याकडे. असलं तोंड मी फक्त दुकानात पैसे देऊन माल न मिळालेल्या माणसाचं बघितलंय. मग त्यानं जो सूर लावला!

"आत्या, देऊन टाका की," मी म्हणाले.

"मी नाही. ती म्हणेल, कोंबलं."

सकाळभर हेच. झाकण उघडायचं, एक चमचा, बास, झाकण. पोरगं ताटलीवर थापा मारून "बास! बास!" करत होतं, आत्याचं बोट धरून वाटीकडे ओढत होतं, आणि आत्या जबडा आवळून भिंतीकडे बघत होती. दुपारपर्यंत पोराचा आवाज बसला. तिचाही चेहरा उतरला होता, पण हट्ट असा की मरेल पण वाकणार नाही. शेवटी तिनं त्याला भिंतीवरूनच माझ्या हातात दिला. "धर जरा. वासराचं पोट फुगलंय, बघून येते." वासराचं पोट ठणठणीत होतं. बाई शेडमध्ये जाऊन रडत होती, नाक शिंकरल्याचं मला इकडे ऐकू आलं.

भोपळ्याला मी मशीनजवळ बसवला. "इथं बस हं, सुयांना हात लावू नको." तो म्हणाला, "बर, बर," आणि उठून दाराकडे चालायला लागला. हा असाच. आमच्याकडे आला की काहीही सांगा, "बर, बर" म्हणणार आणि बरोबर उलटं करणार. पण म्हणायचा इतक्या गोड आवाजात की मी गावभर सांगत सुटले होते, किती ऐकणारं पोर आहे, प्रत्येक गोष्टीला बरं म्हणतं. मी त्याला परत आणून बसवला. त्यानं दोऱ्याचं रीळ उचललं आणि माझ्यापुढे नाचवलं.

"बे!"

"बे कोणाला म्हणतोस रे? बापानं शिकवलं वाटतं ट्रकवर?"

"बे! बे!" आणि रीळ माझ्या हातात कोंबलं. मी घेतलं. गडी खूश. दुसरं रीळ उचललं. "बे!"

"हो रे बाबा, घेतलं," मी म्हणाले. आणि म्हणता म्हणताच थांबले.

रीळ माझ्या हातात तसंच राहिलं. बे म्हणजे घे. तो मला घे म्हणत होता. मी दाराकडे बघितलं, जिथं तो मघाशी निघाला होता. बर म्हणजे घर. घरी जायचंय म्हणत होता हो तो, आणि मी म्हणत होते किती ऐकणारं पोर!

चुलीशेजारी एक केळं होतं, ते सोलून तुकडा त्याच्यासमोर धरला आणि हळूच विचारलं, "घास?"

"बास!" भोपळा म्हणाला आणि आ वासला.

दिला. "बास!" दिला. "बास! बास!" केळं संपलं, भात होता तो काढला. बसलेल्या आवाजात ओरडत होता, हात नाचवत होता, लाथा झाडत होता, आणि खात होता. मी हसत होते की रडत होते ते मलाच कळत नव्हतं. रोज संध्याकाळी भिंतीतून ऐकलेलं सगळं कानात घुमायला लागलं. एक घास, बास, आणि ताट बाजूला ठेवल्याचा आवाज. शहाणं बाळ म्हणे.

पोराला काखेत मारलं आणि शेडमध्ये गेले. आत्या वासराच्या पाठीला टेकून बसली होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग तिच्या डोळ्यांत असा उजेड आला की काय विचारता.

"म्हणजे मीच बरोबर होते!"

"तुम्ही कसल्या बरोबर? तुम्हालाही वाटत होतं तो नको म्हणतोय. तुम्हाला ऐकायचंच नव्हतं."

"ते काही असो. पोटात गेलं ना? येऊ दे तिला आज. डॉक्टरीणबाई, मोबाईल, मुळं सडतात, सगळं काढते. तिची…" आणि तिनं मध्येच पोराकडे बघितलं. हात कपाळावर गेला. "टेलरबाई, सकाळी त्यानं घास मागितला. आणि मी झाकण ठेवलं."

मी पोराला तिच्यापुढे धरलं.

"एवढं मोठं ढोर मी. भाषा न येणाऱ्या वासराच्या पोटातलं कळतं मला. आणि याचं…" तिनं पोराला ओढून छातीशी धरलं. पोरगं म्हणालं, "बास!" आत्या तशीच उठली आणि वाटी आणायला पळाली.

त्या दुपारी गल्लीतले सगळे वैरी संपले. पेंडवाला दोनदा संपला.

खाऊन पोरगं झोपलं आणि आत्याचं तोंड परत सुरू झालं. रोपवालीला काय काय ऐकवायचं ते ती वासरांपुढे पाठ करत होती. मी भिंतीवरून एकदोन टोमणे सुचवले, चांगले होते म्हणून तिनं घेतले.

रोपवाली आली तेव्हा धुकं परत उतरायला लागलं होतं. पायांना गुडघ्यापर्यंत माती. आली ती दारातच मटकन बसली. आत्यानं कंबरेवर हात ठेवून तोंड उघडलं, पण रोपवालीच आधी बोलली.

"मालकाला सांगून आले. उद्यापासून येत नाही म्हणून. तुमचं काही चुकत नाही, आत्याबाई. तुम्ही तुमच्या परीनं करता. पण त्याचं वजन उतरलं, आणि मी तिकडे दुसऱ्यांची रोपं वाढवत बसलेय. मला लाज वाटते."

दुपारभर पाठ केलेलं सगळं आत्यानं गिळलं. ती उभी होती तशीच खाली बसली, तिच्या शेजारी, पायरीवर.

"पोरी, त्याला घ येत नाही."

"काय?"

"घ. घ म्हणता येत नाही." भोपळा डोळे चोळत बाहेर आला होता. आत्यानं त्याला जवळ घेतला. "घर म्हण रे."

"बर."

"घे म्हण."

"बे."

आत्यानं त्याची हनुवटी धरली. मग म्हणाली, "घास?"

"बास!" भोपळा म्हणाला आणि आईकडे बघून आ वासला.

रोपवाली त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली. मी स्टूलावर उभी होते, पण मला खाली उतरावंसं वाटलं. पहिल्यांदाच. उतरले मात्र नाही.

"मी रोज…" ती म्हणाली. "तो घास म्हणायचा आणि मी ताट उचलायचे. वर शाबासकी द्यायचे. आत्याबाई, मी त्याला रोज…" आणि तोंडावर पदर दाबून अशी रडली की वासरं शांत झाली. आईच्या रडण्यानं भोपळाही रडायला लागला आणि रडता रडता बास बास करायला लागला.

मला वाटलं आता आत्या टोमणा मारणार. संधी तर अशी होती की मीसुद्धा सोडली नसती. पण ती म्हणाली, "सकाळी मी पण झाकण ठेवलं. तुझ्यावरच्या रागानं. माझं तर त्याहून वाईट." आणि तिच्या पाठीवर थाप मारून, "बास आता. म्हणजे खरंच बास. पोरगं भुकेलंय आणि तू पायरी भिजवतेस."

रोपवालीनं मातीचे हात धुतले आणि वाटी घेऊन बसली. पोरगं खात होतं, ती नाक ओढत होती, आत्या शेजारून चमचा भरून देत होती. मधेच आत्यानं रोपवालीचा मोबाईल तिच्यापुढे धरला. "मालकाला फोन लाव."

"आता कशाला?"

"म्हणावं, डोकं फिरलं होतं, उद्या येते. तू घरात बसलीस तर मी दिवसभर भांडू कोणाशी? टेलरबाईत काही दम नाही."

"मला ऐकू येतंय!" मी ओरडले.

"ऐकण्यासाठीच उभी आहेस ना?"

रोपवालीनं फोन लावला. मालक थोडा ओरडला, ते भिंतीपर्यंत ऐकू आलं, पण शेवटी म्हणाला, ट्रॅक्टर पहाटेच येणार आहेत, उशीर करू नकोस. फोन ठेवला तोवर भोपळ्यानं तोंड फिरवलं होतं आणि वासराची शेपटी बघत बसला होता. आत्यानं चमचा भरला.

"तोंड फिरवलं त्यानं," रोपवाली म्हणाली.

"शेपटी बघतोय. एक अजून जाईल."

"नाही जाणार. फिरवलं म्हणजे झालं त्याचं."

"तुला काय माहीत, कालपर्यंत तुला घास कळत नव्हता!"

"आणि तुम्हाला कळत होता का?"

भांडण परत तापलं आणि मला हायसं वाटलं. मी स्टूलावरून उतरायला लागले. तेवढ्यात रोपवाली म्हणाली, "आत्याबाई, दिवसभर तुमच्याजवळच असतो तो. त्याला आता घ शिकवा. रोज थोडं थोडं म्हणून घ्या त्याच्याकडून. परत असं नको व्हायला."

आत्यानं उरलेला चमचा स्वतःच्या तोंडात घातला आणि पोराचं तोंड पदरानं पुसलं.

"त्याला घ यायचा तेव्हा येईल," ती म्हणाली. "आधी आपल्याला त्याचा ब येऊ दे."